पुनर्विकासाच्या वाटेवरच्या घरात बाथरूमवर किती खर्च करावा? ठाण्याच्या नौपाड्यातलं एक प्रकरण

बाबांनी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं सोडलं होतं. हे आम्हाला दोन महिने कळलंच नाही. आईच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. रात्री उठायला लागू नये म्हणून. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वय ७६, आणि घरात भारतीय पद्धतीचा संडास. त्यावर ठेवायची लोखंडी खुर्ची आणली होती, पण तिचा एक पाय कायम हलायचा. उंबरा चार इंचांचा. दार आत उघडणारं. रात्री ते आत गेले की आई बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अगं, तू परकरात होतीस तेव्हापासून तुमचं पाणी आमच्याकडे येतंय. मी कधी बोलले नाही. पण काल पोपडा पडला तो थेट बादलीत," म्हणाल्या. मी खाली जाऊन पाहिलं. त्यांच्या बाथरूमच्या छतावर परातीएवढा ओला डाग होता आणि मधे एक गंजकी सळई दिसत होती.

आमची इमारत १९८८ची. चार मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. वन बीएचके, म्हणजे बाथरूम एकच आणि शेजारी वेगळा संडास. नौपाड्यात अशा इमारतींच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत आणि प्रत्येक गल्लीत एखाददुसरी इमारत पत्र्याच्या कुंपणामागे गेलेली आहे. आमच्या सोसायटीतही पुनर्विकासाची चर्चा सहा वर्षं चालू होती. रस्ता अरुंद, त्यामुळे किती मजले मिळणार, वाढीव जागा किती, यावर गाडी अडलेली. म्हणून बाबांचं म्हणणं होतं, "पाडायचीच आहे इमारत, तर त्यात पैसे कशाला ओतायचे?"

हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर दिल्याशिवाय खर्चाचा अंदाज करण्यात अर्थ नव्हता.

किती वर्षांसाठी?

मी हिशेबाचं काम करते. त्यामुळे वही उघडली ती या प्रश्नापासूनच. सोसायटीने अजून सल्लागारही नेमला नव्हता. सल्लागार, विकासकांच्या निविदा, विशेष सर्वसाधारण सभा, संमती, करार, महापालिकेची परवानगी, मग घरं रिकामी करणं. सगळं सुरळीत गेलं तरी तीन वर्षांच्या आत कोणी आम्हाला बाहेर काढेल असं दिसत नव्हतं. अडलं तर सात-आठ वर्षं. ७६ वर्षांच्या माणसासाठी तीन वर्षं हा लहान काळ नव्हे.

म्हणून खर्चाचे तीन भाग केले. पहिला, जो इमारतीबरोबर मातीत जाणार: टाइल्स, त्याखालचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव), भिंतीतले पाइप. दुसरा, जो स्क्रू काढून नव्या घरी नेता येईल: गिझर, नळ, आधाराच्या दांड्या, आरसा, एक्झॉस्ट पंखा. तिसरा, जो मातीत जाणार पण कमी करता येणारच नाही: वॉटरप्रूफिंग आणि सांडपाण्याची लाइन. कारण त्याखाली काकू राहतात.

पहिल्यात हात आखडता, दुसऱ्यात बरी वस्तू, तिसऱ्यात तडजोड नाही. पुढचे सगळे निर्णय या एका नियमावर घेतले. भिंतीला टांगायचा कमोड आईला आवडला होता. त्याखालची फरशी पुसायला सोपी, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्याला भिंतीत लोखंडी फ्रेम आणि लपवलेली टाकी लागते, आमच्या चार इंची भिंतीपुढे वेगळी भिंत उभारावी लागली असती, आणि तो खर्च सगळा पहिल्या भागातला. तो बाद केला. टाइल्स चौरस फुटाला ५० रुपयांच्या वर घ्यायच्या नाहीत असं ठरलं. घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये १६० रुपयांची टाइल हातात घेऊन आई बराच वेळ उभी होती, ते मला अजून आठवतं. पण दोन्ही टाइल्स मोरबीहूनच आलेल्या होत्या आणि पाणी अडवण्याचं काम दोन्हींचं नव्हतंच. ते काम टाइलच्या खालच्या थराचं.

पाणी नेमकं कुठून येतंय

मिस्त्री बोलवायच्या आधी आम्ही एक आठवडा फक्त गळती तपासण्यात घालवला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा आठवडा तोच, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

आधी काकूंच्या छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ काढली आणि शेजारी तारीख लिहिली. मग दोन दिवस आई-बाबांना माझ्याकडे डोंबिवलीला आणलं आणि घराचा मुख्य वॉल्व्ह बंद केला. नळाच्या पाइपमधून गळत असेल तर पाणी दिवसरात्र झिरपतं. वॉल्व्ह बंद झाला की थांबतं. वॉल्व्ह उघडा ठेवून, एकही नळ न वापरता, पुन्हा दोन दिवस पाहिलं. डाग सरकला नाही. म्हणजे दाबाखालच्या पाइपमध्ये मोठा दोष नव्हता. त्यानंतर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून निघून जातं त्या जाळीच्या तोंडात, रंग मिसळलेलं पाणी चार बादल्या ओतलं. दुसऱ्या दिवशी काकूंकडे रंग उतरला, पण तो बाथरूमच्या बाजूला नाही, संडासाकडच्या कोपऱ्यात, जिथे पाइप बाहेरच्या भिंतीतून जातात तिथे.

आता वॉटरप्रूफिंग गेलं की पाइपचा सांधा गेला, हे फोडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. पण नुसत्या टाइल्सच्या फटी भरून किंवा वरून रसायन मारून भागणार नाही, एवढं पक्कं झालं. एका माणसाने १२,००० रुपयांत "न फोडता गळती बंद" करून देतो म्हटलं होतं. आम्ही त्याला नम्रपणे नाही म्हटलं.

परवानगी, परीक्षा आणि शेजारी

दोन छोट्या खोल्यांमधली भिंत काढून एकच बाथरूम करायचं ठरलं. बाथरूम सव्वाचार फूट बाय चार, संडास सव्वातीन बाय चार. मधली भिंत गेली की साधारण पावणेआठ बाय चार फूट. चालण्याची काठी घेऊन माणूस आत वळू शकतो, गरज पडली तर दुसरा माणूस मदतीला उभा राहू शकतो.

पण भिंत पाडणं हा घरातल्या घरात घ्यायचा निर्णय नाही. इमारत आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याची आहे आणि ती भिंत भार घेणारी नाही, हे कोणीतरी जाणत्याने लिहून द्यायला हवं. ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे त्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी ती व्हायला हवी. आमच्या सोसायटीचा अहवाल होता. तो करणाऱ्या अभियंत्यालाच बोलावलं, फी दिली, पत्र घेतलं. त्यांनी एक अट घातली: सनकनमध्ये आधी होतं त्यापेक्षा जास्त वजन भरायचं नाही.

सनकन म्हणजे बाथरूमखालचा स्लॅब, जो बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्यात पाइप बसतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. आमच्याकडे हा खड्डा जवळपास ११ इंचांचा निघाला. ३१ चौरस फुटांना २८ घनफूट भराव. विटांच्या कोब्याचं वजन धरलं तर सुमारे दीड टन. अभियंत्याने सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या विटांचे तुकडे वापरायला सांगितले. त्यात वजन अर्ध्या टनाच्या आसपास येतं. मिस्त्रींना ते पटेना. सिपोरेक्स पाणी पितो, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. शेवटी स्लॅबवर एक वॉटरप्रूफिंग, मग भराव, भरावावर दुसरं वॉटरप्रूफिंग आणि खालच्या थरात पाणी साचलंच तर ते निघायला बाहेर काढलेला एक बारीक पाइप, असं ठरलं. दोघेही राजी झाले.

सोसायटीने १०,००० रुपये परतीची अनामत घेतली. खर्चात ती धरायची नाही, पण त्या महिन्यात हातात असायला हवी. कामाची वेळ दहा ते सहा, दुपारी दोन ते चार फोडकाम बंद, रविवारी पूर्ण बंद. आणि समोरच्या घरातल्या मुलीची फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. म्हणून संक्रांत झाली की लगेच सुरुवात आणि जानेवारी संपायच्या आत घणाचं काम बंद, असा शब्द मी तिच्या आईला दिला. पावसाळ्यात हे काम काढायचं नाही हे तर आधीच ठरलेलं, कारण बाहेरच्या भिंतीवर परांची बांधायला लागण्याची शक्यता होती. होळीला बरेच कारागीर गावी जातात, त्यामुळे तिकडूनही दार बंद. म्हणजे आमच्या हातात साडेसहा-सात आठवडे होते.

एक गोष्ट जवळजवळ राहूनच गेली होती. घरात एकच संडास, तो फोडल्यावर काम करणारी माणसं कुठे जाणार? वॉचमनच्या स्वच्छतागृहाची परवानगी सेक्रेटरींकडून पहिल्याच दिवशी मागून घेतली. असं काम काढणाऱ्याने हे विसरू नये.

तीन दरपत्रकं

पहिल्याने चिठ्ठीवर लिहून दिलं: "बाथरूम पूर्ण, १,६५,०००." कोणत्या कंपनीचा पाइप, वॉटरप्रूफिंगचे किती थर, डेब्रिज म्हणजे फोडकामाचा मलबा कोण नेणार, काहीच नाही. दुसरं एका इंटिरियरवाल्यांचं, ३,४०,००० रुपयांचं, सुंदर चित्रासकट. चित्रात पावसासारखा शॉवर होता, आधाराची दांडी नव्हती. तिसरे आमच्याच भागात वीस वर्षं काम करणारे मिस्त्री. त्यांनी मजुरीचे दर कामागणिक सांगितले आणि माल तुम्ही आणा म्हणाले.

आम्ही तिसऱ्यांना काम दिलं. माल स्वतः आणण्यात वेळ जातो, पण कुठे आखडायचं आणि कुठे नाही हे आमच्या हातात राहतं. पैसे टप्प्यांनी द्यायचं कागदावर लिहिलं: सुरुवातीला २० टक्के, फोडकाम आणि पाइपची दाबचाचणी झाल्यावर २५, पाणी साठवून पाहण्याची चाचणी पास झाल्यावर २५, टाइल्स लागल्यावर २०, आणि शेवटचे १० टक्के पंधरा दिवस वापरून झाल्यावर. मिस्त्रींनी शेवटच्या दहा टक्क्यांवर थोडी कुरकुर केली. पण सही केली.

सॅनिटरीच्या दुकानातल्या अंदाजपत्रकावर २६,२७० रुपये होते. तळाशी बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". १८ टक्के धरल्यावर ते ३१,००० झाले. सगळीकडे जीएसटीसकट आकडा मागावा, नाहीतर दोन दुकानांची तुलनाच होत नाही.

एकूण अंदाज २,१२,३०० रुपये. त्यावर ३०,००० राखीव. बाबांनी २,५०,०००च्या पुढे जायचं नाही अशी हद्द घातली होती, त्यात हे बसत होतं.

फरशीखाली

पहिल्या दोन दिवसांतच अंदाज चुकायला लागला. डेब्रिजच्या ७० गोणी धरल्या होत्या, ११८ निघाल्या. फोडलेला माल फुगतो, आणि खड्डा इतका खोल असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. लिफ्ट नसल्याने प्रत्येक गोण पाठीवरून तीन मजले खाली. गोणीमागे ६० रुपयांप्रमाणे ४८ गोणींचे २,८८० आणि टेम्पोच्या दुसऱ्या खेपेचे ३,५००.

कोबा निघाल्यावर स्लॅब दिसला. काळपट, ओला, एका कोपऱ्यात दोन सळया उघड्या. संडासाचा बिडाचा पाइप बाहेरच्या उभ्या लाइनला जिथे मिळत होता तिथला सांधा फुटलेला. रंगीत पाण्याने दाखवलेला कोपरा तोच.

इथे पैशांचा वाद होऊ शकला असता. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक सांडपाण्याच्या लाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते आणि संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती सभासदाच्या. फुटलेला सांधा दोघांच्या सीमेवर. मी फोटो काढले, सेक्रेटरींना वर बोलावून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी अर्ज दिला. उभ्या लाइनवरचा जोड आणि परांची सोसायटीने केली, आमच्या आतल्या बाजूचा पाइप आम्ही बदलला. आमच्या वाट्याला ७,६०० वाढले. तीन दिवस गेले. उघड्या सळया घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरल्या, त्याचे ४,५००.

मग वॉटरप्रूफिंगचा पहिला थर झाला, भिंतींवर एक फूट वर चढवून, कोपरे गोलाई देऊन. आणि पाणी भरलं.

मिस्त्रींचा आग्रह २४ तासांचा. "ताई, आजवर कधी परत आलं नाही." मी ७२ तास म्हटलं आणि त्यावरून हटले नाही. सनकनच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली. शेजारी एक टब पाण्याने भरून ठेवला, त्यावरही खूण. दोन्हीकडची पातळी सारखी उतरली तर ते बाष्पीभवन. सनकनमधली जास्त उतरली तर पाणी कुठेतरी जातंय. काकूंच्या छतावर कोरड्या भागाच्या कडेला पेन्सिलची नवी रेघ.

४८ तासांपर्यंत काहीच नाही. तिसऱ्या सकाळी काकूंनी फोन केला. पाइपच्या कोपऱ्यात डाग रेघेच्या बाहेर दोन बोटं आला होता. टबातली पातळी होती तिथे आणि सनकनमधली पाव इंच खाली.

मला रडू आलं, खरं सांगते. दिवस वाढत चालले होते, बाबा डोंबिवलीत माझ्या घराच्या बाथरूममध्ये भिंत धरून चालत होते. मिस्त्री मात्र काही न बोलता पाणी उपसायला लागले. नवा पाइप भिंतीतून जातो तिथे प्लास्टिक आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली होती. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, म्हणून तिथे नुसता सिमेंटचा लेप टिकत नाही. त्यांनी पाइपभोवती खाच केली, न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरली, वर जाळीचं कापड घालून दोन हात मारले. पुन्हा ७२ तास. या वेळी दोन्ही खुणा बरोबर उतरल्या.

२४ तासांवर थांबलो असतो तर त्यावर अर्धा टन भराव, दुसरा थर आणि टाइल्स बसल्या असत्या आणि काकूंचा फोन पावसाळ्यात आला असता. मिस्त्रींनी त्या दुरुस्तीचे पैसे मागितले नाहीत, कारण चाचणी पास होईपर्यंतचं काम कागदावर त्यांच्याकडे होतं. नंतर भरावावरच्या थराचीही चाचणी घेतली. ती पहिल्याच वेळी पास झाली.

बाबांच्या मापाने

टाइल्स लागण्याआधी बाबांना एक दिवस खास आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीखाली पाट ठेवून, कमी-जास्त करून, कोणत्या उंचीवरून ते हात न टेकता उठू शकतात ते पाहिलं. सीटसकट साडेसतरा इंच आले. दुकानातला नेहमीचा कमोड त्याहून दीड इंच खाली होता. उंच मॉडेल मिळालं, तेही थोडं स्वस्त. पाइप बाहेरच्या भिंतीतून जात असल्याने पी-ट्रॅपचा, म्हणजे मागच्या भिंतीतून पाणी सोडणारा घेतला.

आधाराच्या दांड्या जमिनीपासून ३४ इंचांवर, एक कमोडशेजारी, एक शॉवरखाली. चार इंची विटेच्या भिंतीत नुसत्या प्लगवर माणसाचा भार झेपत नाही. म्हणून त्या जागी भिंत आधी कोरून काँक्रीटने भरून घेतली. सगळ्या पाइपांचे आणि त्या जागांचे फोटो मोजपट्टी धरून काढले. पुढे भोक पाडताना पाइपला ड्रिल लागलं तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

फरशीला एक फुटी खरखरीत टाइल घेतली. लहान टाइलमध्ये सांधे जास्त, पायाला धर जास्त. नमुना घरी आणून, त्यावर साबणाचं पाणी टाकून, आईने बाबांचा हात धरून त्यांना अनवाणी उभं केलं होतं. दोन नमुने त्यात नापास झाले.

उंबरा गेला. सनकन खोल असल्याने फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवता आली आणि दारात उतरता ग्रॅनाइटचा पट्टा. उतार ८०ला एक, म्हणजे चार फुटांत अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. दार बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, हे बाबांच्या एका मित्राच्या बाबतीत घडलेलं आम्ही पाहिलं होतं. कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी.

विजेचं थोडक्यात: जुन्या बोर्डात अर्थिंगची तार होती, ती कुठेच जोडलेली नव्हती. गिझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. नवा गिझर घ्यायचा ठरलं होतं, पण जुना चार वर्षांचाच होता. सर्व्हिसिंग करून तोच लावला. हे आधीच सुचायला हवं होतं.

एक चूक माझी. भिंतीच्या टाइल्सचा हिशेब करताना मी दोन दारांची जागा वजा केली. पण दोनातलं एक दार तर बुजवायचं होतं! साडेसतरा चौरस फूट, म्हणजे बरोबर दोन खोकी कमी पडली. पुन्हा आणली तर बॅच वेगळी, रंगात फिकट फरक. ती दाराच्या मागच्या भिंतीला लावली. खोक्यावरचा बॅच क्रमांक पाहून सगळा माल एकदमच घ्यावा आणि एखादं खोकं शिल्लक ठेवावं.

वहीचं पान

| बाब | अंदाज (रु.) | प्रत्यक्ष (रु.) |
|---|---|---|
| तोडफोड, डेब्रिज | १८,००० | २४,३८० |
| प्लंबिंग, माल व मजुरी | ३८,००० | ४५,६०० |
| वॉटरप्रूफिंग, भराव | ३२,००० | ३६,५०० |
| टाइल्स, माल व मजुरी | ४६,३०० | ४७,२०० |
| कमोड, बेसिन, नळ | ३१,००० | २८,४०० |
| गिझर | ९,५०० | १,१०० |
| वीज | १२,००० | १२,००० |
| दार, चौकट, खिडकी, एक्झॉस्ट | १९,००० | १९,८०० |
| दांड्या, आरसा, अभियंत्याची फी, किरकोळ | ६,५०० | ७,३०० |
| काकूंच्या छताची दुरुस्ती | ० | ९,००० |
| एकूण | २,१२,३०० | २,३१,२८० |

ज्या ज्या ठिकाणी आकडा वाढला त्यांची बेरीज २९,९८० रुपये. त्यातले २७,४८० फरशीखालचे किंवा खालच्या मजल्यावरचे. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर फक्त २,५०० वाढले. आम्ही दुकानांत ज्या गोष्टींवर तासन् तास चर्चा केली तिथे अंदाज जवळपास बरोबर आला; जे कोणी पाहूच शकत नव्हतं तिथे चुकला. म्हणून सरसकट दहा टक्के राखीव ठेवण्यापेक्षा, फरशीखालच्या तीन ओळींवर, म्हणजे तोडफोड, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग यांच्या ८८,००० रुपयांवर, तिसरा हिस्सा राखीव ठेवावा असं मला वाटतं. जुन्या इमारतीत तरी नक्की.

काकूंच्या छताची ओळ अंदाजात शून्य होती, याची मला लाज वाटते. गळती आमची, तर दुरुस्तीही आमची, हे उघड होतं. तरी तो आकडा माझ्या डोक्यात आला नाही. प्लास्टर ओलं असताना करून उपयोग नव्हता, म्हणून पाच आठवडे वाळू दिलं आणि मग रंगासकट करून दिलं.

दिवसांचा अंदाज सोळा कामाच्या दिवसांचा, लागले चोवीस. घणाचं काम मात्र जानेवारीतच संपलं.

शेवटचे दहा टक्के राखून ठेवल्याचा उपयोग झाला. दहाव्या दिवशी आईला कमोडच्या मागे पाणी थांबलेलं दिसलं. फरशीवर गोटी सोडली तर ती नहाणी ट्रॅपकडे न जाता भिंतीकडे गेली. मिस्त्री आले, शिल्लक खोक्यातल्या दोन टाइल्स बदलल्या, उतार सुधारला आणि उरलेले पैसे घेऊन, चहा पिऊन गेले.

जुलैच्या मोठ्या पावसात मी मुद्दाम काकूंकडे गेले. छत कोरडं होतं. रंगाखाली पेन्सिलची एक रेघ पुसटशी दिसत होती, तारखेसकट.

ऑगस्टमध्ये सोसायटीच्या विशेष सभेची नोटीस आली, पुनर्विकासासाठी सल्लागार नेमण्याची. बाबांनी वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर नव्या घरी न्यायच्या वस्तू लिहून काढल्या: गिझर, नळ, दोन दांड्या, आरसा, पंखा. कमोडपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलंय. यादी लिहिताना त्यांच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. रात्रीचे नऊ वाजले होते.